धडामनंतरचे तीन शब्द

तीर्थरूप काकांना,

तुमच्या भोंग्याचा नमस्कार. (पाठ धरली आहे, त्यामुळे अर्धवट वाकून केलेला समजावा. उरलेला भेटीत पुरा करते.) तुमचा गुडघा कसा आहे? काकू म्हणाली की आता तो जिना उतरताना आवाज करतो, चढताना करत नाही. माझ्या धंद्यात अशा गुडघ्याला मागणी आहे, पण तुम्हाला दुखत असेल तर ते काही चांगलं नाही. चष्म्याचा नंबर वाढल्यापासून पत्रं आधी काकू वाचते आणि मग तुम्हाला त्यातलं हवं ते सांगते, हेही कळलं. म्हणजे हे पत्र तुमच्यापर्यंत गाळूनच पोचणार. तरी लिहिते, कारण फोन केला तर उचलणारही तीच, आणि तुम्ही मागून "ठीक आहे म्हणावं" एवढंच बोलणार. (गेल्या अकरा वर्षांत तुम्ही माझ्याशी जेवढं बोललात तेवढं सगळं एका ट्रेलरमध्ये बसेल, आणि ट्रेलर अडीच मिनिटांचा असतो. दोष तुमचा नाही, मीही काही गप्पांचा फड जमवला नाही.)

ताईच्या नव्या घरी भेटलो तेव्हा तुम्ही विचारलंत, नक्की करतेस काय? मी म्हटलं, सिनेमाचं. तुम्ही म्हणालात, सिनेमाचं काय? तेवढ्यात कोणीतरी ताटं वाढली आणि तो विषय राहिला तो राहिलाच. तर काका, मी ट्रेलरच्या आवाजांचं काम करते. मारधाडीचे, थरारक, पाठलागाचे सिनेमे येतात ना, त्यांच्या आधी दाखवायच्या जाहिराती. दातांच्या दवाखान्याच्या वर आमच्या तीन खोल्या आहेत. एका खोलीत मालक बसतात, दुसऱ्या खोलीत चित्रं कापून जोडणारा बसतो (त्याला सगळे कात्री म्हणतात, त्याची आईसुद्धा), आणि तिसऱ्या, बिनखिडकीच्या खोलीत मी. आमच्याकडे स्फोट झाला की खाली डॉक्टर छत ठोकतात, आणि ते काय वापरून ठोकतात ते मला अजून विचारायचं धाडस झालेलं नाही.

तुमच्या वजनमापं खात्यात जसं किलो म्हणजे किलो, तसं आमच्या धंद्यातही सगळं ठरलेलं असतं, उगीच कोणी म्हणेल कला आहे म्हणून. आधी अंधार. मग एक माणूस लाकडं फोडताना दिसतो. त्याने सगळं सोडलेलं असतं. (काय सोडलं ते सांगत नाहीत. लाकडं एवढी कशाला लागतात तेही नाही.) त्याला एक मुलगी असते किंवा एक कुत्रा असतो, आणि ज्याच्याबरोबर तो सावकाश हसतो त्याचं काही खरं नाही, हे समजून घ्यायचं. मग फोन वाजतो. ट्रेलरमध्ये हॅलो म्हणायची पद्धत नाही. पलीकडचा थेट सांगतो, तो परत आलाय, आणि अलीकडच्याच्या हातून ग्लास पडतो. मग एका ऑफिसात चाळीस माणसं चाळीस कॉम्प्युटरांसमोर बसलेली असतात आणि एक म्हातारा साहेब फाईल आपटून म्हणतो की हा माणूस कोण आहे याची तुम्हाला कल्पना नाही. खरंच एकालाही नसते. अहो, चाळीस माणसं पगार कशाचा घेतात? पुढे गाड्या उलटतात, घड्याळ टिकटिकतं, कोणीतरी जुनं अंगाईगीत मढं उचलल्यासारख्या चालीवर गातं, आणि नायक मागे स्फोट होत असताना वळूनही न बघता चालत येतो. (मी असते तर निदान भुवया जागेवर आहेत का ते चाचपलं असतं.) खलनायक त्याला खुर्चीला बांधून म्हणतो, आपण दोघं सारखेच आहोत. हे खोटं असतं, खलनायकाचा सूट जास्त चांगला असतो. मग एकदम शांतता. नायक एकच वाक्य बोलतो. आणि धडाम. सिनेमाचं नाव. आणि नावानंतर, लोक उठायच्या बेतात असताना, सहा सेकंदांची एक बारीकशी गंमत. दोन मिनिटं माणसं मरत असतात, आणि घरी जाताना लोकांच्या लक्षात राहते ती ही सहा सेकंदं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर ते धडाम माझं काम. आणि इथे मला एक कबुली द्यायची आहे, जी वाचून काकू पत्र बाजूला ठेवून पाणी पिऊन येईल. आमच्या ऑफिसात त्या आवाजाला काकू म्हणतात. कारण तो काकूच आहे. आठवतं ना, कॉलेजची चार वर्षं मी तुमच्याकडे होते, आणि शेवटी शेवटी शिकवण्यांच्या कमाईतून आवाज टिपायचं एक यंत्र आणलं होतं? त्या दिवशी मला टेबलावरच्या घड्याळाची टिकटिक हवी होती. मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटावर घड्याळ ठेवलं, शेजारी यंत्र चालू करून ठेवलं. त्याच दिवशी तुमच्या खात्याच्या परीक्षेचा अर्ज भरून तयार होता, फक्त माझी सही हवी होती, आणि मुदत दुसऱ्या दिवशीची होती. तुम्ही म्हणालात, सही कर. मी नाही म्हटलं आणि मागच्या पायरीवर जाऊन बसले. तुम्ही दोघं त्या खोलीत गेलात. थोड्या वेळाने आतून असं काही धडाम झालं की खिडकीच्या काचा थरथरल्या. मग काकू बाहेर आली, पदर खोचलेला, आणि म्हणाली, जा, तुला हवं ते कर, त्यांचं मी बघून घेतलंय. मी यंत्र उचललं ते उचललंच. त्यातलं धडाम तेवढं काढून घेतलं. त्याआधीचं बोलणं ऐकलं नाही. माझ्याबद्दल काय काय म्हटलं गेलं असेल ते मला ऐकल्याशिवायही माहीत आहे, असं वाटत होतं.

त्या एका आवाजावर मला ही नोकरी लागली. गेली अकरा वर्षं ज्या ज्या नायकाने सूड घ्यायचं ठरवलं, त्या प्रत्येकाच्या मागे काकूने कपाट आपटलेलं आहे. ऑफिसात दिवसभर हेच चालतं. इथे काकू हवी. काकू जरा लवकर येतेय. दोन काकू लागोपाठ नको, पहिलीचा दरारा जातो. नवीन माणूस आला की पहिले दोन दिवस तो घाबरून असतो.

आता मूळ प्रकरण. महिन्याभरापूर्वी एका सिनेमाचं काम आलं. निवृत्त गुप्तहेर, आता छत्र्या दुरुस्त करतो, त्याला कोणीतरी परत छेडतं, वगैरे. निर्माते स्वतः येऊन बसले. पेनचं टोपण चावत त्यांनी कच्चा ट्रेलर पाहिला आणि म्हणाले, हे धडाम मी कुठेतरी ऐकलंय. (ऐकणारच. त्यांच्याच मागच्या तीन सिनेमांत.) नवीन पाहिजे म्हणाले. ते गेल्यावर मालकांनी मला आत बोलावलं आणि फार गोड बोलले, तेव्हाच मी काय ते समजले. पुढच्या शुक्रवारी वितरकांना ट्रेलर दाखवायचा, तो पसंत पडला नाही तर यापुढे तयार आवाज बाहेरून मागवायचे, मग आवाजाला वेगळं माणूस ठेवण्यात काही अर्थ नाही. वेगळं माणूस म्हणजे मी. थोडक्यात, आठ दिवसांत एक धडाम आणायचं, नाहीतर घरी बसायचं. आणि घरी बसले असते तर काका, सगळ्यात आधी तुमचा चेहरा डोळ्यांसमोर आला असता, हे खरं सांगते.

मग मी गावभर दारं आपटत सुटले. पहिलं फर्निचरचं दुकान. प्रत्येक कपाटावर यंत्र ठेवायचं, दार उघडायचं, आपटायचं. चौथ्या कपाटानंतर विक्रेत्याने हळूच विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? हल्लीची कपाटं आपटतच नाहीत हो. शेवटच्या वीतभर अंतरात त्यांची दारं थबकतात आणि आपली समजूत काढल्यासारखी हळूहळू लागतात. मजबुती दाखवायला म्हणून त्याने स्वतः एक आपटलं तर मूठ त्याच्या हातात आली. मग आमच्याच खालच्या दवाखान्यातलं हत्यारांचं कपाट. डॉक्टरांची परवानगी घेतली होती, पण खुर्चीतल्या पेशंटची घ्यायची राहिली. तो दचकला आणि डॉक्टरांच्या बोटाला चावला. (बोट शाबूत आहे. आमचा जिन्यातला नमस्कार मात्र बंद आहे.) मग माझ्या घरमालकीणबाईंचं लाकडी कपाट. त्यांना वाटलं मी पाण्यावरून चिडलेय. दोन दिवस टाकी भरलेली होती, तेवढाच फायदा. शेवटी एका गोदामाचं शटर खेचायला गेले आणि पाठ धरली, जिच्यामुळे वरचा नमस्कार अर्धा राहिला. एवढं करून हाती काय, तर आवाज भरपूर, पण दम कशातच नाही. कात्रीने सगळे ऐकले आणि म्हणाला, ही दारं परवानगी मागून आपटल्यासारखी वाटतात.

गुरुवार उजाडला. दुपारी बटणांच्या डब्यात सुई शोधताना (काय शिवायचं होतं ते आता आठवत नाही, बहुतेक राजीनाम्याच्या दिवसाचा कुर्ता) मला त्या यंत्रातली अकरा वर्षांपूर्वीची मूळ चकती सापडली. ऑफिसात जी काकू आम्ही वापरत होतो ती इतक्या वेळा ताणलेली, दाबलेली, घासलेली होती की तिची पार चिंधी झाली होती. ही मूळची, न धुतलेली, सबंध. मी धावत ऑफिस गाठलं, चकती थेट धडामपर्यंत पुढे सरकवली आणि तिथून पुढचा तुकडा काढून लावला. खोलीतलं टेबल हललं. खालून डॉक्टरांनी छत ठोकलं. हेच ते, म्हटलं मी. पडद्यावर आवाजाची रेघ दिसते आमच्याकडे, त्यात धडामचा डोंगर होता आणि पुढे सपाट रेघ, म्हणजे काही नाही. ती सपाट रेघ मी नावानंतरच्या अंधाराखाली तशीच राहू दिली, कारण निर्मात्यांची गंमत अजून ठरलेली नव्हती आणि काहीतरी घालायला हवं होतं. पुढचं हेडफोनवर तपासलं, पण माझ्या हेडफोनची डावी बाजू मार्चपासून बंद आहे. मालकांना तीनदा सांगून झालंय.

शुक्रवारी छोट्या थिएटरात चाळीस खुर्च्या, पंचवीस वितरक, सगळ्यांच्या हातांच्या घड्या. मी मागे, दाराजवळ. ट्रेलर सुरू झाला. छत्र्या झाल्या, फोन झाला, ग्लास पडला. छत्रीतून गोळी सुटली. सगळं शांत झालं. नायक पावसात उभा राहून म्हणाला, आता मला कोणी थांबवू शकत नाही. धडाम. खुर्च्या हादरल्या, पुढच्या एकाचा चष्मा घसरला, मी मनात काकूला हात जोडले. सिनेमाचं नाव आलं, गेलं. अंधार. आणि त्या अंधारात, चारी बाजूंच्या कपाटाएवढ्या स्पीकरांमधून, अतिशय शांत, थकल्या आणि सभ्य आवाजात तीन शब्द आले.

"बरं म्हटलं मी."

काका, तुमचा आवाज. पहिल्या ब वरच ओळखला मी. चार वर्षं वर्तमानपत्राच्या पलीकडून ऐकलेला आवाज हो, ओळखणार नाही? मी खुर्चीत अशी खाली घसरले की पाठ दुसऱ्यांदा धरली. मालकांनी वळून माझ्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात माझा हिशेब संपलेला होता. कोणी हललं नाही. मग पहिल्या रांगेतला एक जाडजूड वितरक गदगदा हलायला लागला. मला वाटलं ठसका लागला. तो हसत होता. मग शेजारचा. मग अख्खं थिएटर. एवढा मोठा नायक, एवढी मोठी धमकी, एवढं मोठं धडाम, आणि त्यावर कोण्या भल्या गृहस्थाचं 'बरं म्हटलं मी'. पुन्हा लावा म्हणाले. तीनदा लावलं. कपाळाला हात लावून बसलेले निर्माते तिसऱ्या वेळी उठून उभे राहिले आणि म्हणाले, ही कल्पना माझी. त्या क्षणी मला कळलं की माझी नोकरी वाचली.

पण सुख लागत नाही. निर्मात्यांना आता तेच तीन शब्द आणखी दोन ट्रेलरांत हवेत, आणि स्वच्छ हवेत. मूळ चकतीत मागे घड्याळाची टिकटिक आहे (मीच ठेवलेली, कोणाला बोलू). सोमवारी एकोणीस माणसं आणून बसवली. 'एक माणूस, एक सूड' असं म्हणणारे ते जाड आवाजाचे गृहस्थ आले, त्यांनी 'बरं म्हटलं मी' असं म्हटलं की सैन्याला हल्ल्याचा हुकूम दिल्यासारखं वाटलं. एका नाटकवाल्याने म्हणता म्हणता रडून घेतलं. एका विनोदी नटाने दर वेळी वेगळं तोंड केलं, जे आवाजात दिसत नाही. शेवटी मालकही बसले, पण त्यांनी आयुष्यात कोणाला बरं म्हटलेलं नाही, ते तोंडातून निघेचना. सिनेमाचे दिग्दर्शक म्हणाले, हरलेला माणूस हवा. असा कुठून आणायचा?

असो. तुम्हाला उगीच कंटाळा आणला. मी काही मागायला पत्र लिहिलेलं नाही, हालहवाल कळावी एवढंच. गुडघ्याला जपा, जिना सावकाश उतरा, काकूला सांगा की माझं जेवणखाण वेळेवर आहे.

तुमची पुतणी,
भोंगा

ता. क. येत्या गुरुवारी तुम्ही इथे याल का? गाडी पाठवते. लिफ्ट आहे. टेकायला पाठ असलेली खुर्ची आहे. तीन शब्द म्हणायचे, चहा घ्यायचा, की सुटलात. कपाट आणायची गरज नाही.

ता. क. दुसरा, काकूसाठी. हे वगळून पुढे जाऊ नकोस, मला कळेल. शनिवारी सकाळी मी ती चकती पहिल्यांदा सुरुवातीपासून ऐकली. सतरा मिनिटांची आहे. त्यातली पंधरा नुसती टिकटिक. मग तुम्ही दोघं येता. तू म्हणतेस, पोरीला करू द्या तिला काय करायचंय ते. काका म्हणतात, बरं. ते तू ऐकत नाहीस, आणि त्यांनी नाही म्हटलं तर काय काय होईल ते दीड मिनिट सांगतेस. (तुझ्या माहेरी जाण्याचा उल्लेख दोनदा आहे.) मधे ते पुन्हा म्हणतात, बरं म्हणतोय ना. मग धडाम. मग ते तीन शब्द. मग तू कपाट पुन्हा उघडून पुन्हा लावतेस, कारण पहिल्यांदा कडी बसलीच नव्हती. काकू, अकरा वर्षं तू सगळ्या घराला सांगत आलीस की कपाट आपटून तू त्यांचं तोंड बंद केलंस. त्या पायरीवर मला पहिल्यांदा सांगितलंस. पकडली गेलीस. आता चष्मा शोधून त्यांना दे आणि पुढचं त्यांनाच वाचू दे.

ता. क. तिसरा. काका, मी अकरा वर्षं तुमच्यावर रुसले होते. तुम्ही मला मनापासून जाऊ दिलं नाहीत, घाबरून जाऊ दिलंत, असं धरून बसले होते. तुम्ही सांगितलं का नाहीत, असं रागाने विचारणार होते, पण तुम्ही तर तीनदा सांगितलंत. आवाज ऐकायचा पगार घेणारी मी, आणि नेमकं तेवढंच ऐकलं नाही. माझं चुकलं. आणि एकोणीस माणसांची गोष्ट खरी असली तरी सोमवारची आहे. मंगळवारी कात्रीने दहा मिनिटांत टिकटिक काढून दिली, चकतीतला आवाज आता लख्ख आहे आणि तुमच्या येण्याची तशी कोणालाही गरज नाही. मालकांना मीच सांगितलंय की मूळ माणूस आणल्याशिवाय जमणार नाही. तुम्ही माझ्या खोलीत, माझ्या खुर्चीवर बसावं, आणि मी नक्की करते काय ते तुम्हाला दाखवावं, एवढंच मला हवं आहे. उत्तर लांबलचक नको. एक शब्द पुरे आहे, आणि या वेळी मी ऐकतेय.